ठिणगीचा माग : मोटारीच्या इग्निशनची घरगुती तपासणी

पेट्रोलवर चालणारी मोटार सकाळी सुरू होईनाशी झाली, घाटात दम टाकू लागली किंवा सिग्नलपाशी उभी असताना थरथरू लागली, की महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये दोन शब्द हमखास कानी पडतात : ‘करंट’ आणि ‘मिसिंग’. करंट येत नाही म्हणजे स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी पडत नाही, आणि गाडी मिसिंग मारते म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले पेट्रोल व हवेचे मिश्रण कधी पेटते, कधी न पेटताच बाहेर टाकले जाते. या दोन्ही तक्रारींसाठी पहिला संशय जिच्यावर घेतला जातो ती इग्निशन, म्हणजे प्रज्वलनाची यंत्रणा, तपासण्याची साधने आता इतकी स्वस्त झाली आहेत की साध्या पगारदार गाडीमालकाच्या कपाटातही ती सहज मावतात आणि परवडतात. मात्र साधन हाती आले म्हणजे निदान हाती आले असे होत नाही, कारण प्रत्येक साधन यंत्रणेच्या एका भागाविषयीच बोलते आणि उरलेल्या भागाविषयी गप्प राहते. कोणते साधन कशाविषयी बोलते हे ठाऊक नसले, तर धडधाकट कॉइल भंगारात जाते आणि तडा गेलेला प्लग गाडीतच राहतो. (डिझेल गाडीच्या मालकांना या सगळ्या खटाटोपातून सूट आहे, डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते, त्यामुळे तिथे ठिणगी नसते आणि ती शोधण्याचा प्रश्नही नसतो.)

या यंत्रणेपुढचे काम वरवर दिसते त्यापेक्षा अवघड असते. बॅटरीकडून मिळतात १२ व्होल्ट, आणि प्लगच्या दोन टोकांमधली जेमतेम एक मिलिमीटरची फट ओलांडायला लागतात दहा हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत व्होल्ट. हे रूपांतर इग्निशन कॉइल करते. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात : जाड तारेचे थोडे फेरे असलेले प्राथमिक वेटोळे आणि केसासारख्या बारीक तारेचे, साधारण शंभरपट फेरे असलेले दुय्यम वेटोळे. प्राथमिक वेटोळ्यातून काही मिलिसेकंद प्रवाह सोडला की गाभ्यात चुंबकीय क्षेत्र उभे राहते, आणि तो प्रवाह एकाएकी तोडला की ते क्षेत्र कोसळताना प्राथमिक वेटोळ्यातच तीन-चारशे व्होल्टचा झटका निर्माण होतो, जो दुय्यम वेटोळ्यात शंभरपट होऊन प्लगकडे धावतो. यामागचे विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले होते. ते मोटारीत रुजवण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकी अभियंते चार्ल्स केटरिंग यांचे, आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत इलेक्ट्रिक स्टार्टर, दिवे व बॅटरीवरचे इग्निशन अशा तिन्ही व्यवस्था एकत्र आल्या. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांमागे एक, म्हणजे एकंदर सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात, आणि त्यांतली प्रत्येक ठिणगी दट्ट्याच्या ठरावीक स्थितीला, क्षणाच्याही चुकीशिवाय पडावी लागते.

निदानाच्या दृष्टीने या रचनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॉइलमधून जाणारी सीमारेषा. तिच्या अलीकडे बॅटरी, फ्यूज, इग्निशन स्विच, वायरिंग, सेन्सर आणि इंजिनाचा संगणक असा कमी दाबाचा प्रदेश आहे, आणि पलीकडे हाय टेन्शन वायर, प्लगवरचे रबरी टोपण आणि प्लग असा अतिउच्च दाबाचा. अलीकडे चालणारे साधन पलीकडे नुसते निरुपयोगीच नव्हे, तर धोक्याचे ठरते. ६०० किंवा १,००० व्होल्टची मर्यादा असलेला मल्टिमीटर हाय टेन्शन वायरला लावला, तर मीटर जळतो आणि धरणाऱ्याला झटका बसतो. ज्यांच्या हृदयात पेसमेकर बसवलेला आहे अशांनी तर चालू इंजिनाच्या इग्निशनपासून दूरच राहणे शहाणपणाचे.

गाडीच्या पिढीनुसार या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंचे भाग बदलत गेले, आणि त्यांच्याबरोबर हत्यारेही बदलली. प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसडर यांसारख्या जुन्या गाड्यांत प्राथमिक प्रवाह तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधल्या ‘पॉइंट’कडे, म्हणजे उघडझाप करणाऱ्या धातूच्या दोन टोकांकडे असे, आणि त्यांच्यातली साधारण ०.४ मिलिमीटरची फट फिलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजून, पॉलिश पेपरने टोके घासून मेकॅनिक गाडी ‘ट्यून’ करत असत. पुढे पॉइंटची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, त्यानंतर डिस्ट्रिब्युटरच गेला आणि एका कॉइलने दोन प्लगना एकाच वेळी ठिणगी देण्याची पद्धत आली. आजच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर पेनासारखी लांबट, स्वतंत्र कॉइल बसवलेली असते आणि हाय टेन्शन वायर उरतच नाही. पॉइंट किती अंश बंद राहतात ते मोजणारा ड्वेल मीटर त्यामुळे अडगळीत गेला. टायमिंग लाइट, म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या वायरवर चिमटा लावताच प्रत्येक ठिणगीबरोबर लखलखणारा आणि फिरत्या पुलीवरची खूण जणू थांबवून दाखवणारा दिवा, डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाड्यांसाठी आजही उपयोगी आहे. पण जिथे ठिणगीची वेळ संगणकच ठरवतो आणि फिरवायला काही उरलेलेच नाही, तिथे तो विकत घेण्यात अर्थ नाही.

तपासणीची सुरुवात कमी दाबाच्या बाजूने आणि बॅटरीपासूनच व्हावी, कारण तिथली चूक पुढच्या सगळ्या मोजणीत शिरते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, इंजिन चालू असताना अल्टरनेटर ते साधारण १३.८ ते १४.५ पर्यंत नेतो, आणि स्टार्टर फिरताना ते दहाच्या बरेच खाली जात असेल, तर ठिणगी न पडण्याचे कारण इग्निशनमध्ये नसून बॅटरीत किंवा तिच्या गंजलेल्या टर्मिनलवर असण्याचा संभव मोठा असतो. हे सगळे कुठल्याही डिजिटल मल्टिमीटरवर कळते. कॉइलला १२ व्होल्ट पोहोचतात की नाही हेही मल्टिमीटर सांगतो, पण इथे त्याचा एक दोष आड येतो : तो स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. दहा धाग्यांपैकी नऊ तुटून एकाच तंतूवर टिकलेल्या वायरच्या टोकाशीही मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, आणि प्रत्यक्षात त्या वायरमधून कॉइलला लागणारे चार-पाच अँपियर मात्र जाऊ शकत नाहीत. गॅरेजमधला साधा टेस्ट लॅम्प, म्हणजे एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला अर्थचा चिमटा आणि मध्ये छोटा बल्ब, हा दोष लगेच उघडा पाडतो. कारण बल्ब पेटायला खरा प्रवाह लागतो आणि तो मिळाला नाही की बल्ब मिणमिणतो. म्हणजे अत्याधुनिक मीटरला जे दिसत नाही ते स्वस्तातल्या बल्बला दिसते. उलट, हाच बल्ब इंजिनाच्या संगणकाच्या नाजूक तारांना लावला, तर तो ओढत असलेला पाव अँपियरच्या आसपासचा प्रवाहही आतल्या ट्रान्झिस्टरला भारी पडू शकतो, म्हणून सेन्सर व संगणकाच्या जोडण्यांपाशी मीटर किंवा एलईडीचा टेस्ट लॅम्प, आणि जाड पुरवठ्याच्या वायरपाशी बल्ब, अशी विभागणी पाळावी लागते. ज्यांना मीटरच हवा आहे त्यांनी वायरच्या दोन टोकांमध्ये, तिच्यातून प्रवाह चालू असतानाच, व्होल्टेज मोजावे; तिथे ०.२ व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर तेवढा दाब त्या वायरने किंवा तिच्या जोडाने मध्येच खाल्ला असे समजावे. इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचा ऋण ध्रुव यांच्यामधल्या अर्थच्या पट्टीची अशी तपासणी कोणी करत नाही, आणि विचित्र दोषांचे मूळ पुष्कळदा तिथेच सापडते.

कॉइलचा रोध ओहममध्ये मोजणे हा घरगुती तपासणीतला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवा प्रकार आहे. प्राथमिक वेटोळ्याचा रोध इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या कॉइलमध्ये साधारण अर्ध्या ते दोन ओहमच्या दरम्यान आणि दुय्यमचा काही हजार ते पंधरा हजार ओहमपर्यंत असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत पाहावा, आणि मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवल्यावर जो अंश दिसतो तो प्राथमिकच्या आकड्यातून वजा करावा. आता, मीटर हा रोध मोजतो तो आपल्या आतल्या लहानशा सेलच्या बळावर, आणि कॉइलचे इन्सुलेशन फुटते ते वीस-तीस हजार व्होल्टच्या ताणाखाली, तेही बहुधा ती पूर्ण तापल्यावर. साहजिकच आकडा ‘अनंत’ आला, तर तार तुटली हे नक्की. पण आकडा पुस्तिकेप्रमाणे आला म्हणून कॉइल चांगली, हे नक्की नाही. मल्टिमीटर कॉइलला दोषी ठरवू शकतो, निर्दोष ठरवू शकत नाही. शिवाय ज्या कॉइलच्या पोटातच ट्रान्झिस्टर बसवलेला असतो, आणि जिच्या जोडणीला दोनाऐवजी तीन किंवा चार पिना असतात, तिच्या बाबतीत ही मोजणी निरर्थक असते.

सीमारेषेपलीकडचा प्रश्न सोपा वाटतो : ठिणगी पडते की नाही? पिढ्यान्पिढ्या चालत आलेली रीत अशी, की प्लग काढून तो वायरीला जोडायचा, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवायचे, कोणीतरी स्टार्टर मारायचा आणि निळी ठिणगी दिसली की ‘करंट आहे’ असा निवाडा द्यायचा. ही रीत अगदीच चुकीची नाही, पण तिच्यातली उणीव भौतिकशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवली आहे. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८९ मध्ये दाखवले, की वायूमधून ठिणगी उडवायला लागणारे व्होल्टेज हे वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. मोकळ्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला चार हजारांच्या आसपास व्होल्ट पुरतात, पण सिलिंडरमध्ये दट्ट्याने मिश्रण दाबून वातावरणाच्या कितीतरी पट दाबाला नेलेले असते, आणि तिथे तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून पाच हजार व्होल्टच कसेबसे देणारी मरणपंथाला लागलेली कॉइल बोनेटवर छान ठिणगी दाखवते आणि सिलिंडरमध्ये गप्प बसते. कॉइल मागणीपुरतेच व्होल्टेज देते. मागणीच कमी ठेवली, तर तिची ऐपत कळत नाही.

स्पार्क टेस्टर नावाचे लहानसे साधन नेमकी ही मागणी वाढवते. त्यात मुद्दाम रुंद ठेवलेली, किंवा स्क्रूने कमी-जास्त करता येणारी फट असते. काही टेस्टर असे बनवलेले असतात की त्यांच्यातून ठिणगी उडायला साधारण वीस ते पंचवीस हजार व्होल्ट लागावेत. चिमटा इंजिनाच्या धातूला पक्का लावायचा, दुसरे टोक वायरीत किंवा कॉइलच्या तोंडात बसवायचे, आणि हात लांब ठेवून स्टार्टर फिरवायचा. रुंद फटीतून खणखणीत, पांढरट निळी ठिणगी सलग पडत असेल, तर कॉइल आणि तिच्या अलीकडचे सर्व काही काम करते आहे असे मानायला हरकत नाही. प्लग आणि वायर यांच्यामध्ये बसणारा, ठिणगीबरोबर लुकलुकणारा निऑनचा टेस्टरही मिळतो, परंतु तो ठिणगीची स्पंदने दाखवतो, तिची ताकद नव्हे. दोन पथ्ये मात्र न चुकता पाळावी लागतात. पहिले, प्लगची भोके उघडी असताना स्टार्टर फिरवण्याआधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढावा, कारण बाहेर उडणारी पेट्रोलची वाफ आणि मोकळी ठिणगी यांची गाठ पडू देणे म्हणजे आगीला निमंत्रण. दुसरे, चालू इंजिनाची एकेक हाय टेन्शन वायर उपटून कोणता सिलिंडर मेला आहे ते पाहण्याची जुनी सवय सोडून द्यावी; बाहेर पडायला वाट न मिळालेला उच्च दाब कॉइलचे इन्सुलेशन किंवा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल फोडून वाट काढतो.

खरे तर प्लग हाच एक तपासनीस आहे, आणि तो वाचायला साधन लागते ते केवळ प्लगचा पाना व चांगला उजेड. टोकाभोवतीचे चिनी मातीचे नाक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल, तर तो सिलिंडर नीट जळतो आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. तेलकट ओल असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेले. आणि पांढरेफटक, फोड आलेले नाक दिसले, तर सिलिंडर जरुरीपेक्षा जास्त तापतो आहे. इन्सुलेटरवरून खाली धावणारी पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेष दिसली, तर तिथून ठिणगी बाहेरच्या बाहेर पळते आहे हे ओळखावे, आणि प्लगबरोबर त्याचे रबरी टोपणही बदलावे, कारण तशीच रेष टोपणाच्या आतही उमटलेली असते. भारतात एके काळी प्लग म्हणजे ‘मायको’ असे समीकरण होते. बॉशची भारतीय कंपनी १९५१ मध्ये मोटार इंडस्ट्रीज कंपनी या नावाने स्थापन झाली होती आणि २००८ मध्ये तिचे नाव बॉश झाले, तरी जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी मायकोच राहिले. आजच्या बहुतेक प्लगच्या पोटात सुमारे ५,००० ओहमचा रोधक असतो, जो ठिणगीमुळे रेडिओत व संगणकात होणारी खरखर आवरतो. अशा प्लगच्या वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मीटर लावला आणि आकडा काही हजारांऐवजी अनंत आला, तर प्लग बाहेरून कितीही चकचकीत असला तरी टाकून द्यावा. जीर्ण प्लगचे टोक झिजून खळगे पडलेले असते, म्हणून फट मोजताना चपट्या पात्यापेक्षा गोल तारेचे गेज खरे माप सांगते. आणि इरिडियमच्या बारीक टोकाच्या प्लगमध्ये कुठलेही गेज दामटू नये, ते टोक सुईइतक्याच नाजूकपणे तुटते. बसवताना इंजिन गार असावे, आधी हातानेच आटे बसवावेत आणि गॅस्केट टेकल्यावर नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. १४ मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये टॉर्क पान्याने साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरेसे होतात.

मुंबई-पुण्याच्या पुष्कळ गाडीमालकांकडे या कामी एक फुकटचे साधन असते, ते म्हणजे डॅशबोर्डवरचा पेट्रोल-सीएनजीचा स्विच. वायुरूप इंधनाचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे झिजून रुंद झालेली फट, थकलेली कॉइल किंवा गळकी वायर यांचा दोष सर्वांत आधी सीएनजीवर उमटतो. गाडी पेट्रोलवर लोण्यासारखी चालते आणि सीएनजीवर जोर लावताच गचके खाते, अशी तक्रार असेल तर गॅस किटची उठाठेव करण्याआधी प्लग आणि कॉइल पाहणे स्वस्तही पडते आणि बहुधा बरोबरही ठरते. सीएनजीसाठी प्लगची फट किंचित कमी ठेवण्याचा सल्ला याच कारणाने दिला जातो.

आता स्कॅनरविषयी, कारण घरगुती निदान म्हटले की हल्ली डोळ्यांपुढे तोच येतो. स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्यापाशी असलेल्या १६ पिनांच्या खोबणीत काडेपेटीएवढा ब्लूटूथ ॲडॉप्टर बसवायचा, मोबाइलवर ॲप उघडायचे आणि इंजिनाच्या संगणकाने नोंदवून ठेवलेले दोषांक वाचायचे, एवढी ही क्रिया सोपी झाली आहे. यांतले बहुतेक ॲडॉप्टर एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या छोट्या कंपनीच्या ईएलएम ३२७ या चिपच्या नकला असतात, आणि अगदी स्वस्त नकला काही गाड्यांशी धड बोलतही नाहीत. ही खोबण मेकॅनिकांच्या सोयीसाठी जन्माला आलेली नाही, ती हवेच्या प्रदूषणाविरुद्धच्या कायद्यांतून आली. कॅलिफोर्नियाने १९८८ पासूनच्या गाड्यांना स्वतःचे दोष ओळखण्याची सक्ती केली, १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत तिचे प्रमाणित रूप आले, आणि भारतात ही व्यवस्था बीएस-४ च्या नियमांबरोबर एप्रिल २०१० पासून पहिल्या व एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्यात लागू झाली. न पेटलेले पेट्रोल धुराड्यात जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे विषारी वायू निवळणाऱ्या महागड्या भागाला, तापवून नष्ट करते. म्हणूनच मिसिंगवर कायद्याची इतकी करडी नजर आहे, आणि म्हणूनच ‘चेक इंजिन’चा दिवा नुसता पेटलेला असताना गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते, पण तो उघडझाप करू लागला तर ॲक्सिलरेटर सोडून गाडी लवकरात लवकर थांबवायची असते.

दोषांक वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, ती ही की संगणकाला ठिणगी दिसत नाही. पी-०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, हे तो क्रँकशाफ्टच्या गतीवरून ताडतो : प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँकशाफ्ट क्षणभर वेग घेतो, आणि ज्या सिलिंडरच्या पाळीला तो वेग आला नाही त्याच्या नावावर दोष टाकला जातो. मग तो स्फोट ठिणगीअभावी चुकला, इंजेक्टर तुंबल्याने, व्हॉल्व्ह जळून दाब गळाल्याने की हवा भलतीकडून शिरल्याने, याचे उत्तर त्या आकड्यात नसते. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांतून येणारे हिसकेदेखील क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचून मिसिंगचा आभास निर्माण करतात, आणि काही गाड्यांचे संगणक एबीएसच्या चाक-सेन्सरवरून रस्ता खराब आहे हे ओळखून त्या काळातली नोंद बाजूला ठेवतात. आपल्याकडच्या पावसाळी रस्त्यांवर त्यांना विश्रांती थोडीच मिळत असणार. पी-०३५१ ते पी-०३५४ हे आकडे थोडे अधिक नेमके, कारण ते त्या त्या कॉइलच्या विद्युत मंडलाविषयी असतात. पण तिथेही दोष कॉइलचा, वायरचा की सैल पिनेचा, हे टेस्ट लॅम्प आणि मीटरनेच ठरवावे लागते. दोषांक ही तक्रार असते, निकाल नव्हे. तो वाचून थेट सुटे भाग मागवणारे पुष्कळ असतात, आणि स्कॅनरने वाचवलेले पैसे ते तिथेच घालवतात.

त्या तक्रारीची शहानिशा करण्याची सर्वांत चांगली रीत अदलाबदलीची आहे, आणि तिला दहा मिलिमीटरच्या पान्यापलीकडे बहुधा काही लागत नाही. पी-०३०२ आला, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी, दोषांक पुसावा आणि गाडी थोडी चालवावी. आता पी-०३०३ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला म्हणून कॉइलच दोषी, आणि तो दुसऱ्यावरच राहिला, तर कॉइल सुटली आणि पाळी प्लगची. प्लगही तसाच बदलून पाहिला आणि दोष तरीही जागचा हलला नाही, तर इग्निशनचा पिच्छा सोडून इंजेक्टर आणि सिलिंडरमधला दाब यांच्याकडे वळावे. एका कॉइलवर दोन प्लग चालणाऱ्या चार सिलिंडरच्या गाडीत मात्र पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्या असतात. जोडीतले दोन्ही सिलिंडर एकदम चुकत असतील, तर कॉइल किंवा तिचा पुरवठा, आणि एकच चुकत असेल, तर बहुधा प्लग किंवा वायर, इतके तर दोषांकांच्या जोडीवरूनच कळते.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या जून-जुलैच्या दमट हवेत डिस्ट्रिब्युटरची तडकलेली कॅप किंवा जुनी हाय टेन्शन वायर हमखास दगा देते, कारण तड्यात साठलेली ओल आणि धूळ उच्च दाबाला पळायला वाट करून देते. अशा गाडीसाठी झाडांवर पाणी मारायचा फवारा पुरतो : अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचे बारीक तुषार सोडले, की गळती जिथे आहे तिथे निळ्या रेघा नाचू लागतात आणि इंजिन अडखळते. पट्टा, पंखा आणि वायरी यांच्यापासून हात व ओढणी दूर ठेवण्याचे भान मात्र हवे, कारण हा प्रयोग काळोखात चालतो. प्लगवर बसणाऱ्या कॉइलच्या गाड्यांत ओल प्लगच्या खोल विहिरीत साठते. गाडी धुताना बोनेटखाली पाण्याचा फवारा मारण्याची हौस तिथे महागात पडते.

याच्या पुढची पायरी ऑसिलोस्कोपची. तो काळानुसार बदलणारे व्होल्टेज आलेखाच्या रूपात दाखवतो, आणि लॅपटॉपला जोडायचे छोटे नमुने आता छंदाच्या खर्चात येतात. ठिणगी पेटतानाचा उंच झटका, त्यानंतर ती एक ते दोन मिलिसेकंद जळत असतानाची सपाट रेघ, आणि शेवटी कॉइलमध्ये उरलेल्या ऊर्जेच्या विरत जाणाऱ्या लाटा, एवढे या आलेखात वाचता येते. ती रेघ लवकर संपत असेल, तर फट रुंद किंवा कॉइल कमजोर, आणि झटका ठेंगणा व रेघ जरुरीपेक्षा लांब असेल, तर फट अरुंद किंवा सिलिंडरमधला दाब कमी. प्राथमिक बाजूवरही तीन-चारशे व्होल्टचा झटका येत असल्याने मध्ये दाब दहा किंवा वीसपट कमी करणारा ॲटेन्युएटर लावल्याशिवाय हे यंत्र जोडू नये. ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याला मात्र त्याची गरज क्वचितच पडते, आणि हे आलेख वाचायला शिकण्यास जो वेळ लागतो तो त्या यंत्राच्या किमतीत धरायला हवा.

सर्वांत चिवट दोष तो, जो गाडी तापल्यावर येतो आणि ती गॅरेजपर्यंत पोहोचेस्तोवर निवून नाहीसा होतो. क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर आणि कॉइल हे दोन्ही भाग असे वागतात, आणि थंड गाडीवर केलेली कुठलीही मोजणी तिथे निर्दोषत्वाचा दाखला देते. स्कॅनरमधली ‘फ्रीझ फ्रेम’, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे तापमान, फेरे, भार आणि गाडीचा वेग काय होता याची संगणकाने जपलेली नोंद, इथे दोषांकापेक्षा जास्त सांगून जाते. म्हणून दोषांक पुसण्याआधी ती उतरवून घ्यावी, कारण पुसताना तीही जाते. गाडी रस्त्यातच बंद पडली, तर ती निवण्याची वाट न पाहता स्कॅनर जोडून स्टार्टर फिरवावा आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा आकडा पाहावा : स्टार्टर नीट फिरत असूनही आकडा शून्यावरच राहिला, तर संगणकाला इंजिन फिरल्याचे कळतच नाही आणि संशय क्रँक सेन्सरवर किंवा त्याच्या वायरीवर जातो, आकडा दोनशेच्या आसपास हलत असेल आणि तरीही ठिणगी नसेल, तर सेन्सरला सोडून कॉइलच्या पुरवठ्याचा फ्यूज व रिले पाहावे, आणि डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल, तर चोरीला आळा घालणारा इमोबिलायझर किल्ली ओळखत नाही, हे जाणून दुसरी किल्ली लावून पाहावी.